चॉकलेट बनाना ब्रेड, कमी साखरेचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझा पहिला 'हेल्दी' चॉकलेट बनाना ब्रेड कापताना सुरी अडली होती. त्यात साखर नव्हती, लोणी नव्हतं, मैदा नव्हता, आणि खरं सांगायचं तर ब्रेडही नव्हता. वरून कडक साल, आत ओला रबर. घरातल्यांनी एकेक तुकडा तोंडात टाकला, 'छान झालाय' म्हणाले आणि लगेच पाण्याचा पेला उचलला.

चूक कळायला आणखी दोन फसलेले ब्रेड लागले. नको ते सगळं मी एका दमात काढून टाकलं होतं, पण तो प्रत्येक जिन्नस तिथे काय काम करत होता हे पाहिलंच नव्हतं. साखर नुसती गोडी देत नाही, पाणीही धरून ठेवते. लोणी किंवा तेल पिठातल्या प्रथिनांवर पातळ थर चढवतं आणि ग्लुटेनचे लांब, चिवट धागे होऊ देत नाही. यातलं काहीही कमी केलं, की त्याचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागतं. खालची कृती याच हिशेबाने बसवली आहे: साखरेचं बरंचसं काम केळ्याकडे, लोण्याचं काम थोडं तेल आणि थोडं दही यांच्याकडे, आणि मैद्याच्या जागी आलेल्या गव्हाच्या पिठाला पाणी प्यायला थोडा वेळ.

आधीच सांगते, नावात ब्रेड असला तरी हा केकच आहे. फक्त जरा शहाणा केक. नेहमीच्या कृतींत एका लोफला दीडशे-दोनशे ग्रॅम साखर सहज जाते, इथे ६० ग्रॅम आहे. डार्क चॉकलेटमधली साखर धरली तर बारा तुकड्यांपैकी एकात वरून घातलेली साखर साडेसहा ग्रॅमच्या आसपास येते आणि ऊर्जा सुमारे २०० किलोकॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी, की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत. पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम. त्यात एक तुकडा बसतो. चार बसत नाहीत.

काय काय लागेल

साहित्य (एका लोफसाठी):

- खूप पिकलेली केळी, सोलून ३३० ग्रॅम (मध्यम आकाराची तीन)
- गव्हाचं बारीक पीठ १७० ग्रॅम
- कोको पावडर, बिनसाखरेची, ३० ग्रॅम
- ब्राउन शुगर ६० ग्रॅम
- अंडी २
- वास नसलेलं तेल ५० मिली
- साधं, आंबट नसलेलं दही ६० ग्रॅम
- कडक गरम पाणी ४५ मिली, म्हणजे तीन टेबलस्पून
- बेकिंग सोडा पाऊण टीस्पून, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून
- मीठ अर्धा टीस्पून
- ७० टक्के डार्क चॉकलेट ६० ग्रॅम, अक्रोड ४० ग्रॅम
- व्हॅनिला एक टीस्पून

भांडी: साधारण ९ इंच लांब आणि ५ इंच रुंद लोफ टिन, बटर पेपर, दोन वाडगे, व्हिस्क, रबरी स्पॅचुला, बारीक जाळीची चाळणी, टूथपिक किंवा लाकडी काडी, ब्रेड गार करायला जाळी. आणि वजनकाटा. बाकी काही नसलं तर चालवून घेता येईल, पण वजनकाटा हवाच. कपात पीठ दाबून भरलं की सैल भरलं, एवढ्यानेच एका कपात वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो. गव्हाचं पीठ तेवढं जास्त झालं की ब्रेड कोरडा झालाच म्हणून समजा.

१. केळी पिकू द्या, आणि नंतर अजून पिकू द्या

या कृतीतला सगळ्यात कठीण भाग हाच, कारण इथे करायचं काहीच नसतं. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतका स्टार्च असतो. केळं पिकत जातं तसा त्याचा साखरेत बदल होत जातो आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च जेमतेम एक-दोन टक्के उरतो. म्हणजे आज घाईने पिवळंधमक केळं वापरलंत, तर जी गोडी फुकट मिळाली असती ती उद्या साखरेच्या डब्यातून घ्यावी लागेल.

खायला जे केळं 'आता गेलं' असं आपण म्हणतो, ते इथे तयार झालेलं असतं. सालीवर पिवळ्यापेक्षा तपकिरी जास्त हवं, देठाशी धरल्यावर बोट किंचित रुतायला हवं, आणि सोलताना साल आपोआप सुटून यायला हवी. गर थोडा पारदर्शक, मधासारखा दिसला तर उत्तमच. मात्र पाणी गळतंय, दारूसारखा वास येतोय किंवा देठाशी बुरशी धरलीय, असं केळं सरळ टाकून द्या.

घाई असेल तर केळी कागदी पिशवीत एखाद्या सफरचंदासोबत बंद करून ठेवा. दोघांतून निघणारा इथिलीन वायू आतच अडकतो आणि दीड-दोन दिवसांत काम होतं. केळी सालीसकट ओव्हनमध्ये काळी करायची युक्तीही मी करून पाहिली. गर मऊ होतो, पण खऱ्या पिकण्याची गोडी आणि वास त्यात येत नाही. उलट केळी आधीच पिकून बसली आणि तुम्हाला वेळ नसला, तर सोलून फ्रीझरमध्ये टाका. बर्फ सुटल्यावर जे तपकिरी पाणी निघतं ते फेकू नका. ते गरासोबतच वजनात धरा आणि घाला.

तीन केळी म्हणजे ३३० ग्रॅम, हा अंदाज आहे. केळी मोठी असतील तर ती तीन मिळून साडेचारशे ग्रॅमवर जातात. 'केळंच तर आहे, असू दे' म्हणून सगळी ओतलीत, तर तळाशी चिकट, ओला पट्टा हमखास येतो. उरलेलं केळं तोंडात टाका.

२. कोकोचा डबा उलटा करून वाचा

ड्रिंकिंग चॉकलेट आणि कोको पावडर शेजारी शेजारी ठेवलेले असतात, डबेही सारखेच तपकिरी. माझा दुसरा ब्रेड यातच गेला. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये साखर असते, बहुतेक वेळा कोकोपेक्षा जास्तच. डब्यामागच्या घटकांच्या यादीत फक्त कोको असायला हवा. त्यात साखरेचं नाव दिसलं तर डबा परत जागेवर ठेवा.

दुसरी गोष्ट, कोको साधा आहे की डच. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन यांनी अल्कली वापरून कोकोचा आंबट-तुरटपणा कमी करायची पद्धत काढली, त्यावरून हे नाव पडलं. डच कोको रंगाने गडद आणि चवीला सौम्य असतो, पण त्यातलं आम्ल निघून गेलेलं असतं. बेकिंग सोडा फुलतो तो आम्लाशी गाठ पडल्यावर. साध्या कोकोत, केळ्यात आणि दह्यात ते आम्ल असतं, म्हणून वर पाऊण टीस्पून सोडा सांगितला आहे. तुमच्याकडे डच कोको असेल, म्हणजे यादीत अल्कली किंवा आम्लता-नियंत्रक असा उल्लेख असेल, तर सोडा अर्धा टीस्पून आणि बेकिंग पावडर एक टीस्पून करा. आम्ल न मिळालेला सोडा तसाच उरतो आणि ब्रेडला साबणाची चव येते.

चॉकलेटवरच्या '७० टक्के' या आकड्याचा अर्थही इथेच सांगून टाकते: कोको आणि कोको बटर मिळून सत्तर टक्के, उरलेल्या तिसात जवळपास सगळी साखर. चॉकलेट चिप्सच्या पाकिटावर हा आकडा बहुतेकदा नसतोच. म्हणून वडी घ्या आणि सुरीने चिरा. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठे तुकडे ठेवू नका. लहान तुकडे सगळीकडे पसरतात, त्यामुळे साठच ग्रॅम घातलंय हे खाणाऱ्याला कळत नाही.

३. ओव्हन आधी, पीठ नंतर

ओव्हन १७५ अंश सेल्सियसला लावा. पंखा चालू असलेल्या ओव्हनला किंवा कन्व्हेक्शन मोडला १६० पुरे. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर हा ब्रेड होत नाही, त्या वाटेला जाऊ नका. ओव्हन तापायला किमान पंधरा मिनिटं द्या. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही, आतल्या भिंती तापायला आणखी वेळ लागतो. सोडा ओला झाला की लगेच कामाला लागतो. तुमचं मिश्रण तयार आणि ओव्हन गारच, असं झालं तर सगळी हवा टिनमध्येच निघून जाते.

टिनला तेलाचं बोट फिरवा आणि बटर पेपर असा बसवा, की दोन्ही लांब बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर राहील. नंतर ब्रेड उचलायला तेच कान.

४. ओलं मिश्रण

कोको एका वाडग्यात चाळून घ्या आणि त्यावर ते तीन टेबलस्पून कडक गरम पाणी घालून घोटा. दाट, चकचकीत लेप तयार होतो आणि स्वयंपाकघरभर चॉकलेटचा वास सुटतो. हे पाऊल सोडू नका. कोरडा कोको पिठात मिसळला तर चव दबकी राहते. गरम पाण्याने ती खुलते, आणि साखर कमी असताना ही खुललेली चवच आपल्याला तारते. पाण्याऐवजी गरम काळी कॉफी घातली तरी चालते. कॉफीची चव लागत नाही, चॉकलेट मात्र जास्त चॉकलेटी लागतं.

हा लेप कोमट होईपर्यंत केळी काट्याने कुस्करा. मिक्सर नको. मिक्सरमधून काढलेला गर गुळगुळीत, चिकट होतो आणि ब्रेडही तसाच लगद्यासारखा होतो. काट्याने कुस्करताना वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, त्या नंतर ओल्या, गोड खळग्यांसारख्या लागतात.

आता केळ्यात ब्राउन शुगर, अंडी, तेल, दही, व्हॅनिला आणि शेवटी कोकोचा लेप घालून व्हिस्कने मिनिटभर फेटा. लेप गरम असताना अंडी घातलीत तर तपकिरी रंगाची भुर्जी होईल, एवढं लक्षात असू द्या.

लोण्याऐवजी तेल का, हे बरेच जण विचारतात. तेल गार झालं तरी पातळच राहतं, त्यामुळे ब्रेड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ असतो. लोणी गोठतं. आणि तेलही काढून सगळं दहीच घातलं तर? घालून पाहिलंय. पहिला तास बरा लागतो, मग स्पंज.

५. कोरडं मिश्रण, आणि हात आवरा

गव्हाचं पीठ, सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळा. चाळणीत उरलेला कोंडा फेकू नका, परत पिठात टाका. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. मीठ अर्धा टीस्पून वाचून दचकू नका. मीठ कडूपणा दाबतं, म्हणून कमी साखरेच्या चॉकलेटात त्याला जास्त महत्त्व आहे.

ओल्या मिश्रणात हे पीठ दोन हप्त्यांत घाला आणि स्पॅचुलाने तळापासून वर उलटत मिसळा. गोल गोल घोटायचं नाही. पंधरा-वीस वेळा उलटलं की बास. पिठाची एखादी पांढरी रेघ दिसत असतानाच चॉकलेट आणि अक्रोड घालायचे, ते मिसळताना ती रेघही जाते. त्यापुढचा प्रत्येक फेरा ग्लुटेन वाढवतो. मूठभर चॉकलेट वर पेरायला बाजूला ठेवा.

आता मिश्रण वाडग्यातच दहा मिनिटं तसंच राहू द्या. गव्हाच्या पिठातला कोंडा पाणी सावकाश पितो. ही दहा मिनिटं मिळाली नाहीत, तर तो बेक होताना आणि नंतरही पाणी ओढत राहतो आणि तुकडा जिभेवर रवाळ लागतो. मघाशी म्हटलं की सोडा लगेच कामाला लागतो, मग हा उशीर कसा चालतो? दहा मिनिटं चालतात, कारण बेकिंग पावडरचा बराचसा जोर उष्णता लागल्यावरच सुटतो. अर्धा तास मात्र चालत नाही.

दहा मिनिटांनी स्पॅचुला उचलून पाहा. मिश्रण धारेने सांडायला नको, जाड पट्टीसारखं घरंगळत खाली पडायला हवं. फारच घट्ट असेल तर एक-दोन टेबलस्पून दूध घाला. पीठ पिठागणिक पाणी कमी-जास्त पितं.

६. बेक करताना रंगावर जाऊ नका

टिनमध्ये मिश्रण ओता, वर सपाट करा, उरलेलं चॉकलेट पेरा. तेल लावलेल्या सुरीने मधोमध लांबीने अर्धा इंच खोल रेघ मारली तर ब्रेड तिथेच सरळ उकलतो. नाही मारली तर वाटेल तिथे उकलतो. चवीत काडीचाही फरक पडत नाही.

टिन मधल्या कप्प्यात ठेवा. पंचेचाळीस मिनिटांपर्यंत दार उघडू नका.

नेहमीच्या केकला सोनेरी रंग आला की अंदाज येतो. इथे मिश्रण ओव्हनमध्ये जातानाच तपकिरी असतं, त्यामुळे कच्चा ब्रेड आणि जळलेला ब्रेड लांबून जुळे भाऊ दिसतात. पन्नास मिनिटांनी टूथपिक मधोमध टोचा. ती ओली, चकचकीत निघाली तर लगेच निराश होऊ नका, आधी ते बोटावर घासून पाहा. वितळलेलं चॉकलेट असेल तर गुळगुळीत पसरतं, कच्चं पीठ असेल तर चिकट, दाणेदार लागतं. शंका राहिली तर अर्धा इंच सरकून दुसरीकडे टोचा. काडीला दोन-चार ओलसर कण चिकटले की ब्रेड झाला. काडी अगदी कोरडी येईपर्यंत थांबलात, तर पाच मिनिटं उशीर झालेला असतो. अन्नाचा थर्मामीटर असेल तर काम आणखी सोपं: मधलं तापमान ९३ ते ९६ अंश आलं की बाहेर काढा.

साधारण ५० ते ६० मिनिटं लागतात. वरचा भाग कडक व्हायला लागला आणि आत कच्चंच असेल, तर वर फॉइल सैलसर टाका. दर वेळी असंच होत असेल, तर दोष बहुधा ओव्हनच्या आकड्याचा. घरगुती ओव्हन दहा-वीस अंश इकडे-तिकडे असणं नेहमीचंच आहे. आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणलात तर पुढचे सगळे केक सुधारतील.

७. कापायची घाई

टिनमध्ये पंधरा मिनिटं, मग कागदाचे कान धरून जाळीवर. तिथे किमान तासभर. या तासात आतली वाफ तुकड्यात मुरते आणि स्टार्च घट्ट बसतो. गरम असताना कापलात तर सुरीला लगदा चिकटतो आणि 'कच्चा राहिला' असा गैरसमज होतो. माझा तिसरा ब्रेड चांगला झाला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तो खरंच जास्त चांगला लागतो. केळं आणि चॉकलेट एकमेकांत मुरलेले असतात, साल मऊ झालेली असते.

८. ठेवायचा कसा

साखर पाणी बांधून ठेवते, म्हणून गोड केक टिकतात. आपण साखर कमी केली, त्यामुळे हा ब्रेड लवकर खराब होतो. हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस, उष्ण-दमट हवा असेल तर एकच. फ्रिजमध्ये पाच दिवस टिकतो, पण फ्रिजच्या थंडीत स्टार्च लवकर कडक होतो, तेव्हा खाण्याआधी थोडा गरम करा. सगळ्यात बरं म्हणजे तुकडे करून, मध्ये कागद घालून फ्रीझर. दोन महिने सहज राहतात, आणि एका वेळी एकच तुकडा बाहेर येतो हा वेगळा फायदा. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा, चॉकलेट त्यांना विषारी असतं.

अंडी नको असतील तर

दर अंड्यामागे एक टेबलस्पून जवसाची पूड आणि तीन टेबलस्पून पाणी कालवून दहा मिनिटं ठेवा, ते बुळबुळीत झालं की अंड्यांच्या जागी घाला. ब्रेड थोडा बसका आणि ओलसर होतो, पाच-सात मिनिटं जास्त भाजा.

साखरेऐवजी गूळ किंवा मध?

घाला, चव छान येते. पण शरीराच्या हिशेबात ती साखरच आहे, तिला वेगळ्या रकान्यात लिहू नका. मध घातलात तर ५० ग्रॅम पुरे. तो पातळ असतो, म्हणून दही एक टेबलस्पून कमी करा. शिवाय मधाने रंग लवकर चढतो, तेव्हा ओव्हन दहा अंश खाली आणा.

साखर आणखी कमी करायची असेल तर

पहिल्यांदा वरच्या मापानेच करा, म्हणजे चांगला ब्रेड कसा असतो हे हाताला कळेल. मग दर वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहून ठेवा. माझ्या वहीत असं आहे: ६० ग्रॅम, सगळ्यांना आवडला. ४५ ग्रॅम, केळी पूर्ण काळी होती तेव्हा फरक कळला नाही, ठिपक्यांची होती तेव्हा कळला. ३० ग्रॅम, कडवट आणि दुसऱ्या दिवशी कोरडा, डबा तिसऱ्या दिवशीही भरलेलाच. मी ४५ वर थांबले आहे, आणि केळी काळी नसतील त्या आठवड्यात ब्रेड करत नाही.